वाऱ्याची साक्ष आणि दिल्लीचे अंतर

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अणुचाचण्या पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच दिवसांनी प्रक्षेपित झालेल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत रशिया, चीन व उत्तर कोरिया यांच्या जोडीने पाकिस्तानही गुपचूप चाचण्या करीत असल्याचे त्यांनी सांगून टाकले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने पाकिस्तानच्या चोरट्या अणुव्यवहाराच्या जुन्या इतिहासाकडे बोट दाखविले. ते अपेक्षितच होते. अमेरिकेच्या ऊर्जामंत्र्यांनी प्रस्तावित चाचण्यांत प्रत्यक्ष अणुस्फोट नसतील असा खुलासा केला आणि विषय मागे पडला. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र राहून गेला. शेजारच्या देशात अणुस्फोट झाला की नाही, हे दिल्लीला कळणार कसे आणि कोणाच्या सांगण्यावरून?

या प्रश्नाचा राजकीय भाग गुंतागुंतीचा आहे. शास्त्रीय भाग त्या मानाने सरळ आहे. हवेत अणुबॉम्ब फुटला की त्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा हिस्सा आघातलहरीच्या रूपाने भोवतालच्या हवेला दूर लोटतो. काही अंतरावर या आघाताचा विध्वंसक जोर ओसरतो, पण लहर मरत नाही. तिचे रूपांतर अतिशय मंद कंपनांच्या ध्वनीत होते. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपने असलेला ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. मोठ्या अणुस्फोटाच्या लहरीचे तर एकेक आंदोलन काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत रेंगाळते. उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. हा मंद ध्वनी मात्र जमीन आणि सुमारे चाळीस ते पन्नास किलोमीटर उंचीवरचा उष्ण थर यांच्यामध्ये कोंडला जाऊन, वरखाली परावर्तित होत हजारो किलोमीटर प्रवास करतो. त्याच वेळी दाबलहर जमिनीवरही आदळते आणि तिचा अगदी अल्प अंश भूकंपलहरींच्या रूपाने पृथ्वीच्या पोटात शिरतो.

वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. त्या दोहोंमधील क्षण मोजून वीज किती लांब पडली याचा अंदाज खेड्यापाड्यांतील शेतकरीही बांधतो. येथे तत्त्व तेच आहे. चीनचे लोप नोर हे चाचणीक्षेत्र कर्नाटकातील गौरीबिदनूरपासून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवर आहे. तेथून निघालेली भूकंपलहर सहा-एक मिनिटांत पोहोचते. हवेतून येणारी दाबलहर सेकंदाला जेमतेम तीनशे मीटर या वेगाने चालते, त्यामुळे तिला तीन तास लागतात. दोन्हींच्या आगमनातील अंतर हाती आले की स्फोटाचे अंतर काढता येते. दिशा कळण्यासाठी एक उपकरण पुरत नाही. एक-दोन किलोमीटर अंतराने चार-सहा सूक्ष्म वायुभारमापक मांडावे लागतात आणि लहर आधी कोणावर व नंतर कोणावर आली हे ताडून पाहावे लागते. या उपकरणांचा खरा शत्रू म्हणजे साधा वारा. त्याची खळबळ गाळून टाकण्यासाठी छिद्रे पाडलेल्या लांब नळ्या जमिनीवर पसरून त्या उपकरणाला जोडतात. अनेक ठिकाणचा दाब एकत्र आला की वाऱ्याचे झोत एकमेकांना खोडून काढतात आणि दुरून आलेली लहर शिल्लक राहते. स्फोटाची क्षमता ठरविताना लहरीच्या उंचीपेक्षा तिच्या आंदोलनकाळावर अधिक भरवसा ठेवला जातो. वरच्या थरातील वारे लहरीची उंची वाटेल तशी कमीजास्त करू शकतात; आंदोलनकाळ त्या मानाने टिकून राहतो.

या विद्येचा उगम अणुयुगाच्या फार आधीचा आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा त्याची दाबलहर पृथ्वीला अनेक फेऱ्या घालीत गेली आणि जगभरच्या वायुभारमापकांवर तिच्या खुणा उमटल्या. १९०८ साली सायबेरियात तुंगुस्का येथे आकाशात जो महास्फोट झाला त्याची नोंद इंग्लंडमधील उपकरणांनी केली होती. ती कशाची, हे मात्र त्या वेळी कोणाला समजले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या ज्ञानाला अचानक भाव आला. सोव्हिएत संघाने बॉम्ब फोडला तर तो ऐकू यावा म्हणून अमेरिकेने १९४७ साली ध्वनिग्राहक बांधलेले फुगे अतिशय उंचावर सोडण्याचा गुप्त प्रकल्प हाती घेतला. त्यांपैकी एका फुग्याचे अवशेष न्यू मेक्सिकोत रॉसवेलजवळ पडले आणि उडत्या तबकडीच्या अजरामर दंतकथेचा जन्म झाला. सरकारी गुप्ततेतून अफवा कशा उगवतात याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. गंमत अशी, की २९ ऑगस्ट १९४९ चा पहिला सोव्हिएत स्फोट शेवटी पकडला गेला तो किरणोत्सर्गी धुळीवरून. जपानहून अलास्काकडे निघालेल्या टेहळणी विमानाच्या गाळण्यांत ती सापडली.

भारत या कथेत फार लवकर आला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर पंधरा मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि त्याची राख जपानी मच्छीमारांवर पडली. त्यानंतर महिन्याभरातच, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा स्फोटांबाबत 'जैसे थे' करार करण्याची मागणी केली. चाचण्या थांबविण्याची मागणी करणारे ते पहिल्या काही राष्ट्रप्रमुखांपैकी एक होते. दौलतसिंह कोठारी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला अणुस्फोटांच्या परिणामांवरील ग्रंथ भारत सरकारनेच १९५६ साली प्रसिद्ध केला. नैतिक आवाहनाला शास्त्रीय आधाराची जोड हवी, याची जाण त्या काळच्या राज्यकर्त्यांना होती, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते.

महासत्तांपुढे अडचण वेगळीच होती. बंदी घातली तर ती पाळली जाते हे कळणार कसे? १९५८ च्या उन्हाळ्यात पूर्व व पश्चिम गटांतील तज्ज्ञ जिनिव्हात सुमारे सात आठवडे एकत्र बसले. दाबलहरी, भूकंपलहरी, किरणोत्सर्गी धूळ आणि रेडिओलहरी अशा चार साक्षीदारांची त्यांनी उलटतपासणी केली आणि जगभर सुमारे १८० निरीक्षणकेंद्रे उभारण्याची योजना मांडली. हवेतील स्फोटाविषयी मतभेद फारसे उरले नाहीत. भूगर्भातील स्फोटाबाबत मात्र एकमत होईना, कारण लहान भूकंप आणि लहान स्फोट यांतील फरक दुरून ओळखणे त्या काळी अवघड होते. स्फोट सर्व दिशांना एकसारखा धक्का देतो, भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात. त्यामुळे त्यांच्या लहरींचा घाट वेगळा असतो. हे तत्त्व मान्य होते, पण उपकरणे तोकडी होती. शंका आल्यास प्रत्यक्ष तपासणी करावी लागणार होती. ती वर्षाला किती वेळा करू द्यायची, यावर घासाघीस झाली. अमेरिका सातपेक्षा खाली येईना आणि सोव्हिएत संघ तीनच्या वर जाईना.

अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत जो करार झाला त्याने वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी घातली. भूगर्भ मोकळा राहिला. त्या करारामागे किरणोत्सर्गाविरुद्धचे जनमत होते, हे खरेच. परंतु बंदीची रेषा जेथे आखली गेली तिचे कारण तांत्रिक होते. जे दुरून खात्रीने ऐकू येत होते त्यावर बंदी आली आणि ज्याविषयी खात्री नव्हती ते वगळले गेले. भारताने करार सह्यांसाठी खुला होताच, ८ ऑगस्टला, त्यावर सही केली. चीन आणि फ्रान्स बाहेर राहिले.

चीनने बाहेर राहण्याचा अर्थ सव्वा वर्षाच्या आतच स्पष्ट केला. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नोर येथे मनोऱ्यावर त्याचा पहिला अणुबॉम्ब फुटला. बासष्टच्या पराभवाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. गुंटूर येथील अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत आणि नंतर संसदेत जी खडाजंगी झाली ती सर्वश्रुत आहे; शास्त्रीजींना स्वपक्षीयांचाही रोष पत्करावा लागला. बॉम्ब बनवायचा की नाही यावर देश भांडत असताना एक निर्णय मात्र फारसा गाजावाजा न होता अमलात आला. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या सहकार्याने १९६५ च्या सुमारास गौरीबिदनूरजवळच्या खडकाळ माळावर, इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारात वीस भूकंपमापकांची रांग उभी राहिली. स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही अशाच रांगा उभारण्यात आल्या होत्या. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र हे केंद्र चालवू लागले. दाबलहरी टिपणारी उपकरणेही मांडली गेली आणि वायुभारमापकांच्या साहाय्याने वातावरणातील अणुस्फोटाचा माग कसा काढला, याविषयी केंद्रातील शास्त्रज्ञांचा शोधनिबंध १९७० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. चीन त्या वेळी वातावरणातच चाचण्या करीत होता. १९६७ मधील त्याचा हायड्रोजन बॉम्ब तीन मेगाटनांहून मोठा होता. १६ ऑक्टोबर १९८० रोजी लोप नोर येथेच जगातील आजवरचा शेवटचा वातावरणीय अणुस्फोट झाला. तोवर अशा स्फोटांची संख्या पाचशेपलीकडे गेली होती.

शेवटचा, असे सरकारी नोंदी म्हणतात. त्याच्या वर्षभर आधीचे एक प्रकरण आजही पुरते मिटलेले नाही. २२ सप्टेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहाने दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिणेस, प्रिन्स एडवर्ड बेटांच्या बाजूला, प्रकाशाचा दुहेरी झगमगाट टिपला. पाठोपाठच्या दोन झळाळी ही वातावरणीय अणुस्फोटाची ओळखीची खूण आहे. संशय इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका यांच्यावर गेला. अध्यक्ष कार्टर यांच्यापुढे निवडणूक होती, पश्चिम आशियातील शांतता कराराची शाई नुकती वाळली होती. व्हाइट हाऊसने नेमलेल्या, प्राध्यापक जॅक रुइना यांच्या समितीने तो बहुधा अणुस्फोट नसावा असा निष्कर्ष काढला. नौदलाच्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी समुद्रातील ध्वनिनोंदींवरून नेमके उलट मत दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पाण्यातील ध्वनी आणि ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या गलग्रंथीत सापडलेले किरणोत्सर्गी आयोडीन यांचा मेळ घालून तो स्फोटच होता असे प्रतिपादन केले. साक्षीदार एकच असेल आणि त्याची साक्ष गैरसोयीची असेल, तर सत्ता त्याला सहज खोटा ठरवू शकते, हे या प्रकरणाने शिकविले.

याच बेटांच्या परिसरात आणखी एक घटना घडली होती. ३ ऑगस्ट १९६३ रोजी, मॉस्को करारावर सह्या होण्याच्या दोन दिवस आधी, अमेरिकेच्या वायुभारमापकांनी तेथून आलेली एक प्रचंड दाबलहर नोंदविली. ती बहुधा अशनीच्या स्फोटाची होती. अणुबॉम्ब आणि आकाशातून पडणारा दगड यांचा आवाज हवेतून ऐकताना सारखाच वाटू शकतो, ही बाब तेव्हापासून तज्ज्ञांना ठाऊक आहे.

भारतीय उपखंडाला तिचे महत्त्व २००२ साली कळायला हवे होते. संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना, ६ जून रोजी भूमध्य समुद्रावर एक अशनी फुटला. त्याची ऊर्जा हिरोशिमाच्या बॉम्बच्या तोडीची होती. हाच अशनी काही तास आधी आला असता तर पृथ्वीच्या परिवलनामुळे तो काश्मीरच्या आसपास फुटला असता आणि त्यातून अणुयुद्धाची ठिणगी पडू शकली असती, अशी भीती अमेरिकेच्या अंतराळ विभागातील ब्रिगेडियर जनरल सायमन वॉर्डेन यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली. अमेरिकेजवळ खरे काय ते सांगणारे उपग्रह होते. इस्लामाबाद आणि दिल्ली यांच्याजवळ त्या घटकेला काय होते, हा प्रश्न तेव्हा येथे कोणी फारसा लावून धरला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र साक्षीदारांचे जाळे एव्हाना विणले जात होते. सर्वंकष अणुचाचणीबंदी करार, म्हणजेच सीटीबीटी, १९९६ साली आकाराला आला तेव्हा त्याच्यासोबत ३२१ निरीक्षणकेंद्रे आणि १६ प्रयोगशाळा यांची योजना आली. त्यांत भूकंपमापनाची १७०, हवेतील मंद ध्वनी टिपणारी ६०, समुद्रातील ध्वनी ऐकणारी ११ आणि किरणोत्सर्ग मोजणारी ८० केंद्रे आहेत. करार अजून अमलात आलेला नाही. जाळे मात्र बहुतांशी उभे राहिले आहे आणि काम करीत आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणात कायद्याच्या आधी त्याचा पहारेकरी कामावर रुजू झाल्याचा प्रसंग विरळाच.

या पहारेकऱ्याची परीक्षाही झाली आहे. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी उत्तर कोरियाने भूगर्भात तिसरी चाचणी केली. नव्वदहून अधिक भूकंपमापन केंद्रांनी ती टिपली आणि पंचावन्न दिवसांनी जपानमधील ताकासाकी येथे तिचा किरणोत्सर्गी वायूही सापडला. तीनच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे ५०० किलोटन ऊर्जेचा अशनी फुटला. त्याची दाबलहर वीस केंद्रांनी ऐकली, त्यांतील सर्वांत दूरचे अंटार्क्टिकात पंधरा हजार किलोमीटरवर होते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्या वेळी कार्यरत असलेल्या मंद ध्वनीच्या सर्वच्या सर्व ५३ केंद्रांवर त्याची नोंद झाली. क्राकाताऊनंतर प्रथमच एवढ्या मोठ्या लहरीने पृथ्वीला फेऱ्या घातल्या होत्या. आज वातावरणात कोणी किलोटनभर क्षमतेचा बॉम्ब फोडून गप्प बसेल ही शक्यता जवळजवळ संपली आहे. पाकिस्तानविषयीच्या आरोपाची कसोटी लावायची तर प्रश्न भूगर्भातील अतिलघू स्फोटांपुरता उरतो आणि तेथे मर्यादा खऱ्या आहेत. त्या मर्यादेचा पुरावा भारतानेच दिला आहे. ११ मे १९९८ चे पोखरणचे स्फोट जगभरच्या भूकंपमापकांनी काही मिनिटांत नोंदविले. आधीच्या तयारीचा पत्ता अमेरिकेच्या उपग्रहांना लागला नव्हता, तो भाग वेगळा. परंतु १३ मे रोजीच्या, एक किलोटनाहून लहान असलेल्या दोन स्फोटांचा मागमूसही दूरच्या केंद्रांना लागला नाही. सरकारने घोषणा केली म्हणूनच ते जगाला कळले.

भारताने सीटीबीटीला नकार दिला त्यामागील कारणे क्षुल्लक नव्हती. देवेगौडा सरकारने जिनिव्हात राजदूत अरुंधती घोष यांच्यामार्फत जी भूमिका मांडली तिला संसदेत डाव्यांपासून भाजपपर्यंत सर्वांचा पाठिंबा होता. निःशस्त्रीकरणाला मुदत नाही, प्रयोगशाळेतील व संगणकावरील चाचण्यांना मोकळीक आहे आणि भारताच्या सहीशिवाय करार अमलात येणार नाही असे कलम घालून त्याचा हात पिरगाळला जात आहे, हे तिन्ही आक्षेप आजही टिकणारे आहेत. बड्या राष्ट्रांच्या हेरगिरीला पुराव्याचा दर्जा मिळेल, ही भीतीही अनाठायी नव्हती. १० सप्टेंबर १९९६ रोजी आमसभेत १५८ विरुद्ध ३ असे मतदान झाले. विरोधात भारताबरोबर भूतान व लिबिया होते. त्याआधीच भारताने निरीक्षणजाळ्यातील आपला सहभाग काढून घेतला होता.

मात्र त्या नकारात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. स्फोट न करण्याचे बंधन ही एक गोष्ट, आणि इतरांचे स्फोट ऐकण्याची सोय ही दुसरी. पहिलीबाबत भारताने स्वतःच पुढे पावले टाकली आहेत. १९९८ साली वाजपेयींनी स्वेच्छेने चाचणीबंदी जाहीर केली आणि ५ सप्टेंबर २००८ रोजी, अमेरिकेशी अणुकरार मार्गी लागत असताना, प्रणव मुखर्जी यांनी तिचा पुनरुच्चार केला. म्हणजे कराराचे मुख्य बंधन भारत दोन तपांहून अधिक काळ पाळत आला आहे, आणि त्याचा मुख्य लाभ मात्र त्याने नाकारलेला आहे. गौरीबिदनूर आहे, परंतु एका ठिकाणची साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी 'वेला'ची गत तिच्याही वाट्याला येऊ शकते. पुढच्या वेळी एखादा परकीय नेता शेजाऱ्यावर आरोप करील किंवा हिमालयापलीकडे आकाशात काही फुटेल, तेव्हा दिल्लीला आपल्या नोंदीशी ताडून पाहायला दुसऱ्याची नोंद लागेल. सही न करता माहितीच्या देवाणघेवाणीत सामील होण्याचा मार्ग शोधता येईल काय, यावर संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने विचार करायला काहीच हरकत नसावी. रशियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कराराचे अनुमोदन मागे घेतले, अमेरिकेच्या सिनेटने तर १९९९ मध्येच ते फेटाळले. पण दोघांनीही सही कायम ठेवली आहे आणि दोघांचीही केंद्रे जाळ्याला जोडलेली आहेत.

पाकिस्ताननेही सीटीबीटीवर सही केलेली नाही. तरी करारासोबतच्या यादीत, मंद ध्वनीच्या केंद्रांमध्ये अडतिसाव्या क्रमांकावर, राजस्थानच्या सीमेपलीकडील रहीम यार खानचे नाव आहे. ते केंद्र प्रत्यक्षात उभे राहिलेले नाही, जागा मात्र राखलेली आहे. त्याच यादीत इंग्रजी वर्णानुक्रमाने जर्मनी संपून इराण सुरू होण्याआधी अठ्ठाविसावी ओळ येते. तेथे देशाच्या नावाच्या जागी फक्त 'नंतर ठरवायचे' असा शेरा आहे.